लाँच सुटणार की नाही, हे बेटाला आदल्या संध्याकाळी कळावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

यंदा मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात, दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्गात आणि सोमवार, २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईत तो येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. म्हणजे यंदा तो सोळा दिवस आधी आला. यापूर्वी १९५६, १९६२ आणि १९७१ या वर्षी तो २९ मे रोजी आला होता. ती तारीखही मागे पडली आणि कुलाबा वेधशाळेत मे महिन्यातील पावसाचा १९१८ पासून टिकून असलेला २७९.४ मिलिमीटरचा उच्चांकही मोडला. आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात शिरलेले पाणी, तुंबलेले रस्ते आणि रखडलेल्या लोकल गाड्या यांच्या बातम्या सर्वच वृत्तपत्रांत सविस्तर आल्या आणि त्या यायलाच हव्या होत्या. मात्र त्याच आठवड्यात मुंबई बंदराच्या पाण्यात, गेटवे ऑफ इंडियापासून दहा-अकरा किलोमीटरवर असलेल्या घारापुरी बेटावर राहणाऱ्या आम्हा लोकांना या लहरी हवेने कसे अडकवून ठेवले, याची दखल कोठे घेतली गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तेथे काही मोठे अघटित घडले नाही, हे त्याचे कारण असावे. परंतु जे घडले ते दरवर्षी थोड्याफार फरकाने घडते आणि थोड्या व्यवस्थेने टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घारापुरीला लोक लेणी पाहायला येतात, दुपारपर्यंत फिरतात आणि संध्याकाळच्या लाँचने परत जातात. पर्यटकांना बेटावर मुक्काम करण्याची परवानगी नाही, त्यामुळे येथे वस्ती आहे हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे या बेटावर आहेत. लोकसंख्या हजार-बाराशेच्या घरात आहे. महसुलाच्या दृष्टीने आम्ही रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडतो. जागतिक वारसा म्हणून लेण्यांची नोंद १९८७ मध्ये झाली, पण त्याच बेटावरच्या घरांत कायमची वीज यायला फेब्रुवारी २०१८ उजाडावे लागले. न्हाव्याच्या बाजूने साडेसात किलोमीटर लांबीची केबल समुद्रतळावरून टाकली गेली आणि संध्याकाळी काही तासच चालणाऱ्या जनित्रावरचे आमचे जिणे संपले. त्या कामाबद्दल आम्ही आजही कृतज्ञ आहोत. वीज आली, पाठोपाठ मोबाइलवर हवामानाचे इशारेही येऊ लागले. पण दवाखाना, बाजार, बँक, तालुक्याची कचेरी आणि मुलांचे पुढचे शिक्षण या प्रत्येक गोष्टीसाठी पाणी ओलांडावेच लागते. आमच्याकडे हवा चांगली की वाईट हे लाँच सुटते की नाही यावरून ठरते.

त्या आठवड्याचे स्वरूप नीट लक्षात यावे म्हणून ते क्रमाने सांगतो. सुरुवातीला, म्हणजे २० आणि २१ मे या दिवशी, आला तो वळवाचा पाऊस. वळीव आमच्याकडे समुद्रावरून येत नाही; तो पूर्वेकडून, सह्याद्रीच्या अंगाने येतो. दिवसभर घाटमाथ्यावर आणि पनवेल-कर्नाळ्याच्या मागे ढग चढत राहतात, समुद्रावरून येणारा दमट वारा त्यांना खाद्य पुरवतो आणि दुपार कलली की तेच ढग वरच्या थरातील पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे सरकतात. ढगातून पाऊस कोसळू लागला की त्याच्याबरोबर थंड हवाही खाली आदळते आणि चोहीकडे पसरते. ती पावसाच्या आधी पोहोचते. त्यामुळे पश्चिमेचा वारा वाहत असताना एकाएकी तो पडतो, क्षणभर सारे निश्चल होते आणि मग पूर्वेकडून झोत येतो. धक्क्याच्या बाजूला नांगरलेल्या होड्या अशा वेळी नांगरावरच गर्रकन फिरतात, एकमेकींवर घासतात, आणि ज्यांनी दोर आखूड बांधले असतील त्यांची धावाधाव होते.

बेटाच्या दृष्टीने यातील सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे त्याची वेळ. वळीव येतो तो बहुधा चार ते सातच्या दरम्यान, आणि पर्यटकांना परत नेणाऱ्या शेवटच्या लाँच सुटतात त्या साडेपाचच्या सुमारास. मे महिना म्हणजे शाळांना सुट्टी. लहान मुले, वृद्ध माणसे घेऊन आलेली कुटुंबे याच वेळी लेण्यांच्या पायऱ्या उतरून धक्क्याकडे निघालेली असतात. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः पाहिले ते असे : लाँच धक्क्याला लागलेली, पण लाटेबरोबर ती हात-दीड हात वर जाते आणि तेवढीच खाली बसते. खलाशी एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने माणसाचे मनगट धरून उभा, आणि लाँच वर आली की "आता या" असे म्हणून एकेकाला आत ओढून घेतो. एक आजी तीन वेळा पाय पुढे करून मागे फिरल्या. चौथ्या वेळी दोघांनी त्यांना अक्षरशः उचलून आत ठेवले. तेवढ्यात उरणच्या बाजूला वीज कडाडली आणि धक्क्यावर मागे उभ्या असलेल्या माणसांनी पुढे रेटायला सुरुवात केली. त्या दिवशी कोणाला काही झाले नाही याचे सारे श्रेय त्या खलाशांच्या सवयीच्या हातांना आहे. तीन तासांत वादळी पाऊस येणार असल्याची सूचना हवामान खात्याकडून अशा वेळी मोबाइलवर येते आणि ती बहुतेक वेळा खरी ठरते. पण लेण्यात उभ्या असलेल्या पर्यटकाला ती कोणी वाचून दाखवत नाही. ती मिळताच चार वाजता ध्वनिक्षेपकावरून सांगितले गेले असते, तर निम्मी माणसे वारा यायच्या आधीच निघून गेली असती. विजेला आम्ही हलके लेखत नाही, कारण आमच्या शेजारच्या जवाहर द्वीपावरील डिझेलच्या टाकीवर ६ ऑक्टोबर २०१७ रोजी वीज कोसळली आणि त्यातून भडकलेली आग पुढे काही दिवस धुमसत होती. तो धूर या बेटावरील प्रत्येकाने पाहिलेला आहे.

गुरुवारपासून हवेचा प्रकारच बदलला. दक्षिण कोकण आणि गोव्यासमोरच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले होते. ते बळावत जाऊन शनिवार, २४ मे रोजी अवदाब झाले आणि त्याच दिवशी दुपारच्या सुमारास रत्नागिरी व दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून जमिनीवर आले. भारतीय हवामान खात्याने याचे इशारे वेळेवर दिले, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असेही सांगितले, आणि पुढे घडलेही बव्हंशी तसेच. माझी तक्रार अंदाज चुकल्याची नाही, उलट गेल्या काही वर्षांत हे अंदाज किती सुधारले आहेत हे आम्ही समुद्रावर जगणारी माणसे इतरांपेक्षा अधिक जाणतो. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरजवळ येऊन धडकलेले निसर्ग चक्रीवादळ असो की १७ मे २०२१ रोजी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत देऊन गेलेले तौक्ते असो, त्या दोन्ही वेळी काय करायचे आणि काय करायचे नाही याविषयी कोणाच्याही मनात संदिग्धता नव्हती. मोठ्या वादळाला नाव असते, त्याची वाट नकाशावर आखलेली असते आणि सारी यंत्रणा त्याच्यासाठी जागी असते. अडचण होते ती अशा बिननावाच्या आठवड्यात, जेव्हा सकाळी ऊन पडते, दहाला झड येते, बाराला वारा पडतो आणि तीनला पुन्हा उठतो.

येथे बेटाभोवतीच्या पाण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण शहरात राहणाऱ्या वाचकाला पाऊस म्हणजेच वाईट हवा असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या लाँच पावसाने थांबत नाहीत. वारा नसेल तर धो धो पावसातही त्या येतात-जातात. याउलट आकाश निरभ्र असून नैऋत्येचा वारा जोराचा असेल, तर नाखवा नांगर उचलत नाही. मुंबई बंदराचे तोंड दक्षिण-नैऋत्येकडे उघडते. पश्चिमेचा वारा असेल तर कुलाब्याचा भूभाग थोडाबहुत आडोसा देतो, पण नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारी लाट थेट आत शिरते. त्यातही भरतीच्या वेळी पाणी आणि वारा एकाच दिशेने चाललेले असतात, म्हणून लाट लांबट आणि सोसण्यासारखी असते. ओहोटी लागली की बंदरातले पाणी तोंडाकडे धावू लागते, वारा त्याला समोरून अडवतो, आणि लाटा आखूड व उभ्या होतात. त्याच वाऱ्यात, त्याच लाँचने, सकाळी नऊला सुखरूप होणारा प्रवास दुपारी दोनला जिवावरचा होऊ शकतो. शिवाय ओहोटीला या बेटाभोवती चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. भरतीला दहा चौरस किलोमीटरच्या आसपास असलेले बेट ओहोटीला सोळाच्या आसपास पोहोचते असे सांगितले जाते, यावरून त्या पट्ट्याची कल्पना यावी. समोरच्या, उरणच्या किनाऱ्यावरील मोरा बंदरात तर गाळामुळे सुकतीला लाँच धक्क्याला लागणेच मुश्कील होते. वारा, भरती-ओहोटी आणि तिथी या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय आमच्या प्रवासाचा अंदाज बांधता येत नाही. तो आठवडा अमावास्येकडे चालला होता, २७ मे रोजी वैशाख अमावास्या होती. म्हणजे भरती-ओहोटीचा जोर दिवसागणिक वाढत होता. सोमवारी मुंबईत तो विक्रमी पाऊस पडला तेव्हा सकाळी साडेअकराच्या सुमारास सुमारे पावणेपाच मीटरची भरती होती, हे वाचकांना आठवत असेल.

शनिवार आणि रविवार आमचे कमाईचे दिवस. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे २४ आणि २५ मे हे हंगामाचे अखेरचे भरवशाचे दोन दिवस होते असे म्हटले तरी चालेल. शनिवारी पहाटे उठून पाहिले तर पाऊस नव्हता. पायऱ्यांच्या दुतर्फा दुकाने लावणाऱ्या बायकांनी ताडपत्र्या सोडल्या, माळा, दगडी मूर्ती, टोप्या मांडल्या. काकड्या, कैऱ्या, ताक यांची तयारी झाली. लाँच येणार आहेत की नाहीत हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. गेटवेला कोणी ओळखीचा असेल तर त्याला फोन लावायचा, तो म्हणणार की अजून काही कळले नाही, मग दुसऱ्याला लावायचा. कोणी म्हणाले बावटा लागला आहे, कोणी म्हणाले उतरवला. दुपारपर्यंत आम्ही वाट पाहिली. आजारी सासऱ्यांच्या औषधासाठी मुंबईला निघालेली आमच्या शेजारची एक सून सकाळी सातपासून पिशवी घेऊन धक्क्यावर बसून होती. लाँच येणार नाही हे तिला कोणी आदल्या संध्याकाळी सांगितले असते, तर तिने शुक्रवारीच कोणाला तरी निरोप धाडून औषध मागवले असते. तिला त्रास झाला तो वाऱ्यापेक्षा अनिश्चिततेचा अधिक, आणि मला वाटते त्या सबंध आठवड्याची हकिकत तिच्या त्या बसून राहण्यात आली.

बावट्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बंदरांवर धोक्याच्या खुणा लावण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आणि विचारपूर्वक आखलेली आहे. मोठ्या बंदरांसाठी अकरा खुणा आहेत. दिवसा शंकू आणि नळकांड्यांच्या आकृत्या, रात्री तांबडे-पांढरे दिवे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात अवदाब आहे, दोन म्हणजे तेथे वादळ आहे, तीन म्हणजे या बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा संभव आहे, आणि तेथून पुढे चढत्या क्रमाने. ज्या बंदरांत मुख्यतः लहान नौकांचीच ये-जा असते तेथे यांतील तीन, चार, सात, दहा आणि अकरा एवढ्याच खुणा वापरल्या जातात. आमच्या आजोबांच्या पिढीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तीन नंबरचा बावटा म्हणजे होडी ओढून घ्यायची हे त्यांना पाठ होते. आज बावट्याची बातमी मोबाइलवर फिरते, पण ती कालची की आजची, कोणत्या बंदराची, उतरवला असेल तर केव्हा, याचा काही पत्ता नसतो. साधन सुधारले आणि खात्री मात्र कमी झाली.

याच संदर्भात जिल्हानिहाय रंगांच्या इशाऱ्यांविषयी लिहिणे मला अत्यंत जरुरीचे वाटते. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग आता घराघरात माहीत झाले आहेत. पावसाळ्यातील हे इशारे मुख्यतः पावसाच्या प्रमाणाशी जोडलेले असतात : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक म्हणजे जोरदार, ११५.६ पासून पुढे अतिजोरदार, २०४.४ च्या पलीकडे अत्यंत जोरदार. दरडी, पूर, तुंबणारी शहरे यांच्यासाठी हे परिमाण बरोबर आहे. पण रायगड जिल्हा सात हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. त्यात पोलादपूर-महाडचे डोंगर आहेत, माथेरान आहे, पनवेलसारखे शहर आहे आणि अलिबाग-मुरुडचा उघडा किनाराही आहे. पोलादपूरच्या घाटात दोनशे मिलिमीटर पाऊस पडणार म्हणून जिल्हा लाल होतो, आणि घारापुरीच्या पाण्यात त्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नसते. दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरल्याने जिल्हा पिवळ्यावर येतो, आणि नैऋत्येचा वारा ताशी पन्नास किलोमीटरवर जाऊन आमच्या लाँच बंद पडतात. असे वारंवार होऊ लागले की माणसे रंगाकडे पाहणे सोडून देतात, आणि ज्या दिवशी खरोखरच पाहायला हवे त्या दिवशीही पाहत नाहीत. ही माझी खरी काळजी आहे.

योगायोग असा की, ज्या २६ मे रोजी मुंबई पाण्यात होती, त्याच दिवशी दिल्लीत भारत फोरकास्ट सिस्टिम या नव्या अंदाज-प्रणालीचे लोकार्पण झाले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ही प्रणाली पूर्वीच्या बारा किलोमीटरऐवजी सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. हे मोठे यश आहे आणि त्यात मराठी मुलखातल्या संस्थेचा वाटा आहे याचा आनंद होतो. घारापुरी बेटाची लांबी अडीच किलोमीटरच्या आतबाहेर आहे. म्हणजे सहा किलोमीटरच्या चौकटीतही ते अर्धेमुर्धेच भरते, पण त्याच्याभोवतीचे पाणी आणि गेटवेपर्यंतची वाट आता दोन-तीन चौकटींत तरी वेगळी दिसू शकेल. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटा आणि समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते, ते वेगळेच. १८२६ पासून सुरू असलेली कुलाबा वेधशाळा आणि तिचे डॉप्लर रडार आमच्या लाँचच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहे. माहितीची कमतरता कोठेच नाही. ही सारी माहिती एकत्र करून, मराठीत, ठरलेल्या वेळी, धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत नेणारा शेवटचा दुवा तेवढा जोडायचा राहिला आहे.

या आठवड्याने आमचे आणखी एक नुकसान केले, त्याचा हिशेब कोणत्याही पंचनाम्यात बसत नाही. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आगोटीचा आठवडा. रायगडच्या किनाऱ्यावरील आगरी-कोळी घरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी याच दिवसांत होते : तांदूळ, डाळी, तेल, मसाला, कांदे, सुके मासे, सरपण, छपरावर घालायचा प्लास्टिकचा कागद. जमिनीवरच्या गावात एखादी वस्तू राहिली तर दुकान पाच मिनिटांवर असते. आमच्याकडे प्रत्येक गोणी लाँचमध्ये चढते, धक्क्यावर उतरते आणि मग डोक्यावरून घरी जाते. अकरा जूनच्या हिशेबाने चालणाऱ्या घरांना वाटत होते की अजून दोन आठवडे हातात आहेत. बांबूंवर टाकलेले बोंबील आणि अंगणात पसरलेला जवळा बुधवारच्या वळवात भिजला. दुसऱ्या दिवशी ऊन पडले म्हणून पुन्हा पसरला, तो शुक्रवारी पुन्हा भिजला. एकदा भिजलेला जवळा नीट सुकला नाही की त्याला वास येतो, रंग काळवंडतो आणि तो कोंबड्यांना घालण्यापलीकडे उपयोगाचा राहत नाही. १ जूनपासून मासेमारीची बंदी लागते, तेव्हा नव्याने मासळी आणून सुकवण्याचीही सोय राहत नाही. ज्या घरात पावसाळाभर आठवड्यातून चार दिवस कालवण सुक्या मासळीचेच होते, त्या घराला हा किती मोठा फटका आहे हे वेगळे सांगायला नको.

शेतीचेही तसेच झाले. बेटावर भाताची शेती थोडी आहे, पण जी आहे ती पोटापुरती का होईना, मनापासून केली जाते. राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन, भाजून झाले होते, काहींनी धुळवाफेत, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भात पेरलाही होता. २६ मेच्या पावसाने तो उगवून आला, आणि हे पत्र लिहीत असताना, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाने पाठ फिरवली आहे, ऊन तापते आहे आणि कोवळी रोपे पिवळी पडू लागली आहेत. पूर्वेकडच्या टेकडीलगतच्या लहान धरणात त्या पावसाने थोडे पाणी आले, एवढाच काय तो दिलासा. ज्यांनी पेरणीची घाई केली नाही त्यांचे बियाणे वाचले. पण अशा हंगामात घाई कोणती आणि उशीर कोणता हे शेतकऱ्याने कशावरून ठरवायचे? पहिल्या सरींनंतर पावसाचा खंड पडण्याचा संभव असल्याचे कृषी-हवामान सल्ल्यांतून सांगितले जाते, ते सल्ले आमच्या तीन गावांत निदान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तरी लिहिले जावेत.

आता मागणी काय ती स्पष्ट लिहितो. दररोज संध्याकाळी एका ठरावीक वेळी, समजा सहा वाजता, दुसऱ्या दिवशी घारापुरीच्या लाँच चालतील, चालणार नाहीत, की सकाळी निर्णय होईल, हे संबंधित यंत्रणांनी एकमुखाने जाहीर करावे. निर्णय सकाळवर ढकलायचा असेल तर त्याचीही वेळ ठरलेली असावी आणि ती पाळली जावी. ही घोषणा गेटवे, शेतबंदरचा धक्का, राजबंदर आणि मोरा या चारही ठिकाणी मोठ्या अक्षरांत मराठीत लागावी. तिच्यात बावट्याचा क्रमांक, वाऱ्याची दिशा व वेग आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा एवढे तरी असावे. शेतबंदरच्या धक्क्यावर वाऱ्याचा वेग मोजणारे आणि प्रवाशांना व नाखव्यांना वाचता येईल असे साधन बसवावे. त्याचा खर्च समुद्राखालून वीज आणण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते, त्या यादीचा उपयोग शहराइतकाच आम्हालाही आहे. ती बेटावर लावली जावी. दुपारनंतर वळवाचा इशारा आला तर लेण्यांच्या परिसरात ध्वनिक्षेपकावरून सांगून पर्यटकांना वेळीच खाली आणण्याची पद्धत पडावी, कारण शेवटच्या लाँचला गर्दी उसळते ती पर्यटकांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, त्यांना कोणी काही सांगितलेले नसते म्हणून.

रुग्णांचा प्रश्न याहून निकडीचा आहे. लाँच बंद असलेल्या दिवशी बाळंतपण, सर्पदंश किंवा हृदयविकार असा प्रसंग आला तर कोणाला फोन करायचा, कोणती नौका येणार आणि ती कोणत्या धक्क्याला लागणार, हे आज प्रत्येक वेळी नव्याने ठरते. गावातला एखादा धाडसी नाखवा आपली होडी काढतो आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून माणूस पोहोचवतो. त्याचे उपकार कोणी विसरत नाही, पण एका माणसाच्या धाडसावर हजार-बाराशे माणसांचा पावसाळा टाकणे योग्य नाही. मुंबई बंदरात तटरक्षक दल आहे, सागरी पोलीस आहेत, बंदर प्राधिकरणांच्या दणकट नौका आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती यांपैकी एक नौका आणि एक दूरध्वनी क्रमांक बेटासाठी नेमून दिला, तर नवीन काही विकत घेण्याचीही गरज पडणार नाही.

लाँच चालवणाऱ्यांवर या पत्रातून कोणताही ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही, उलट वारा पाहून नांगर न उचलणारा नाखवा हा आमचा खरा हितचिंतक आहे. संकटाच्या दिवशी लाँच सोडाव्यात अशी आमची मुळीच मागणी नाही. बंद असतील तर बंदच असाव्यात, फक्त ते आम्हाला आधी कळावे.

मोसमी पावसाने आत्ता घेतलेली विश्रांती फार दिवस टिकणार नाही. ११ जूनच्या पौर्णिमेला आणि त्यानंतर २५ जूनच्या अमावास्येला पुन्हा उधाण येईल, आणि तोवर नैऋत्येचा वाराही जोमाने सुरू झालेला असेल. निदान २५ तारखेच्या आत संध्याकाळच्या घोषणेची वेळ ठरावी आणि चारही धक्क्यांवर फळे लागावेत, यासाठी रायगडचे जिल्हा प्रशासन आणि बंदरांशी संबंधित अधिकाऱ्यांचे लक्ष आपण आपल्या वृत्तपत्रातून वेधावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक रहिवासी
शेतबंदर, घारापुरी, ता. उरण, जि. रायगड
दि. ५ जून २०२५